हुबळी-धारवाडचा मुक्काम

पुण्या-मुंबईकडील मराठी माणसाने हुबळी पाहिलेली असते ती बहुधा गाडीच्या खिडकीतून. धारवाडला पेढ्याची पुडी हाती येते, हुबळीच्या फलाटावर कॉफीचा पेला होतो आणि हंपी किंवा बंगळूर गाठण्याच्या घाईत ही दोन्ही गावे मागे पडतात. सहलीच्या आखणीत त्यांना कोणी धरत नाही. गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही घरची सात माणसे, सत्तरी ओलांडलेल्या माझ्या वडील बहिणीपासून तिसरीत शिकणाऱ्या नातवापर्यंत, मुद्दाम याच जोडगावी चार दिवस राहिलो. तेथे नवे काय झाले आहे, जुन्यापैकी काय डागडुजी होऊन उभे आहे, आणि काय हातचे जाऊ पाहते आहे, ते श्रोत्यांना सांगावे असे वाटते.

प्रथम हवेविषयी. डोंगराळ मलनाड जेथे संपतो आणि पूर्वेकडील सपाट मुलूख जेथे सुरू होतो, नेमक्या त्या सीमेवर धारवाड वसले आहे. तेथील माती तांबडी, झाडी दाट. वीस किलोमीटर पुढे हुबळीस जावे तो काळ्या कापसाच्या जमिनी लागतात. पौषातले ऊन दिवसभर स्वच्छ असते, पण टोचत नाही. वृद्धांना आणि मुलांना एकाच वेळी मानवणारी अशी हवा फार थोड्या गावांच्या नशिबी असते.

ही दोन गावे १९६२ साली एका महानगरपालिकेखाली आली, आणि २०१४ पासून हुबळीचे सरकारी नाव हुब्बळ्ळी असे झाले. दोहोंमधील जाण्यायेण्यासाठी २०१८ साली स्वतंत्र मार्गिकेवरून धावणाऱ्या बसगाड्या सुरू झाल्या. त्यांचे नाव 'चिगरी', म्हणजे हरिण. नातवाला ते नाव इतके आवडले, की चार दिवसांत आम्हाला दुसरे वाहन करूच देईना.

नव्या गोष्टींत पहिला मान अर्थातच हुबळीच्या फलाटाचा. स्थानकाला आता श्री सिद्धारूढ स्वामींचे नाव आहे. १२ मार्च २०२३ रोजी राष्ट्रार्पण झालेला तेथील फलाट १,५०७ मीटर लांब आहे. गोरखपूरच्या १,३६६ मीटरांच्या फलाटाला मागे टाकून तो जगात सर्वांत लांब ठरला. एवढी लांबी केवळ विक्रमासाठी नाही. बंगळूर, गदग आणि धारवाड या तिन्ही दिशांचे रूळ येथे मिळतात, आणि एकाच फलाटावरून दोन गाड्या दोन बाजूंना सोडता येतात. मुलांनी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी मोजायचा ठरवला. पंचवीस मिनिटांनी ती घामाघूम होऊन परत येताना दिसली, तेव्हा अक्का म्हणाल्या, "अरे, देवळाला एवढी प्रदक्षिणा घातली असती तर पुण्य तरी लागलं असतं!"

तथापि फलाटापेक्षा अधिक वेळ आमचा गेला तो रेल्वेच्या संग्रहालयात. गदग रस्त्यावरचे हे संग्रहालय २०२० साली उघडले. मलप्रभा आणि घटप्रभा या नद्यांची नावे दिलेली १९०७ सालची दोन जुनी घरे दुरुस्त करून त्यांत ते मांडले आहे. येथे मराठी प्रेक्षकाला थबकायला लावणारे एक नाव भेटते : 'सदर्न मराठा रेल्वे'. १८७६ ते ७८ या काळातील भीषण दुष्काळाने दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटक होरपळून निघाल्यावर, पुन्हा अन्नावाचून माणसे मरू नयेत म्हणून जे लोहमार्ग बांधावयाचे ठरले, त्यांसाठी १८८२ साली ही कंपनी निघाली. पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा करीत येणारी मीटरभर रुंदीची ती वाट तिचीच. पुढे पुण्यापासून मिरजेपर्यंतचे रूळ रुंद झाले आणि पलीकडे मात्र कैक वर्षे मीटर गेजच राहिला. तेव्हा मिरजेस सामान डोक्यावर घेऊन गाडी बदलावी लागे. १९९०च्या दशकात ती यातायात संपली. संग्रहालयातला जुना कंदील पाहून अक्कांना मिरजेच्या त्या रात्री आठवल्या, आणि मुलांना प्रथमच कळले की एकाच देशात रुळांच्या दोन रुंदी असू शकत होत्या!

या कंपनीचे मुख्य कार्यालय होते धारवाडला. १९०८ साली ती मद्रासच्या कंपनीत विलीन झाली, कार्यालय उठले, आणि ती भव्य दगडी वास्तू कालांतराने १९१७ साली स्थापन झालेल्या कर्नाटक कॉलेजकडे आली. जुन्या इमारतीचे भाग्य म्हणतात ते हे! शंभर वर्षे तिच्या जिन्यांवरून विद्यार्थी चढउतर करीत आहेत. तिला कोणी 'स्मारक' म्हणत नाही, म्हणूनच ती इतकी धडधाकट राहिली असावी, असे मला वाटते.

याच्या उलट अनुभव गंगूबाई हनगल यांच्या जन्मघराचा. १९१३ साली धारवाडच्या शुक्रवार पेठेत त्या जन्मल्या. त्या घराचे 'गंगोत्री' या नावाने संग्रहालय झाले. चित्रे लागली, वाद्ये आली, उद्घाटन झाले. पुढे निगेवाचून तेच घर मोडकळीस आल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून वाचाव्या लागल्या. दुरुस्ती एकदा करून भागत नाही. पावसाळा दरवर्षी येतो, आणि धारवाडचा पाऊस तर मोठा चिवट. घराची कौले परतायला घरात राहणारे माणूस लागते. फीत कापणारे पाहुणे त्या कामी येत नाहीत. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे 'मृत्युंजय' हे धारवाडातील घरही स्मारक म्हणून राखलेले आहे. मिरजेच्या नीळकंठबुवांकडे आणि नंतर मुंबईस मंजीखाँ व बुर्जीखाँ यांच्याकडे शिकलेला हा गवई त्या घरात किती साधेपणाने राहत होता, ते पाहण्यासारखे आहे.

साधनकेरीला मात्र आनंद झाला. या तळ्याकाठी द. रा. बेंद्रे राहत. ज्यांच्या घरची भाषा मराठी, अशा या कवीने कन्नड कवितेत शिखर गाठले आणि १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवला. मित्राला साधनकेरीस बोलावणारी त्यांची कविता कर्नाटकात घरोघरी ठाऊक आहे. आता तळ्याभोवती बाग झाली आहे, फिरायला वाट आहे, आणि जवळच कवीच्या नावाचे भवन आहे. बाकावर ऊन खात बसलेले एक वृद्ध गृहस्थ आमचे बोलणे ऐकून म्हणाले, "या की, बसा. पुण्याहून आलाय काय?" ते अर्धा तास आमच्याशी मराठीत आणि मध्येच फोनवर सुनेशी कन्नडात बोलत होते, एका भाषेतून दुसरीत जाताना त्यांना उंबरठा लागत नव्हता. मी जी. ए. कुलकर्णींचा विषय काढला. मराठी कथेला नवे खोल वळण देणारा हा लेखक याच गावातल्या कॉलेजात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवीत होता. गृहस्थ म्हणाले, "होते की. पण ते कुणाला भेटत नसत." बेंद्र्यांच्या नावाचे भवन आहे, जी.एं.ची ओळख सांगणारी एखादी पाटी तरी आम्हाला फिरताना दिसायला हवी होती. दिसली नाही. ती लावण्याचे काम कन्नड मंडळींनीच करावे, अशी अपेक्षा धरणे मला योग्य वाटत नाही.

उणकलला तळ्यावर नौकाविहार आहे, संध्याकाळी गर्दीही पुष्कळ असते. ते सारे इतर शहरांसारखेच. परंतु तळ्यापासून थोड्या अंतरावर, दाट घरांच्या दाटीत, चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वराचे देऊळ आहे, तेथे जाण्यास चुकू नये. चारी दिशांना दारे, आत चतुर्मुख लिंग, आणि दगडावरची नक्षी अशी की सोनाराने केली असावी. उन्हे कलती झाली की एका दारातून शिरलेला प्रकाश खांबांच्या घोटीव अंगावर पडतो.

शेवटचा दिवस आम्ही कुंदगोळसाठी ठेवला होता. हुबळीहून बंगळूरच्या वाटेवर आगगाडीने अर्ध्या तासाच्या आतबाहेरचे हे गाव. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, येथले. मराठी रंगभूमी गाजवून ते गावी परतले, आणि त्यांच्याकडे शिकण्यासाठी गंगूबाई हुबळीहून याच लोहमार्गाने येजा करीत. भीमसेन जोशींची विद्यार्थिदशाही येथलीच. पुण्याच्या ज्या महोत्सवासाठी आपण थंडीत रांगा लावतो, तो १९५३ साली सुरू झाला तो या गुरूच्या स्मरणार्थ. आणि कुंदगोळच्या नाडगीर वाड्यातही त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त गाणे होते. तेथे मंडप नाही, आसनांचे क्रमांक नाहीत. वाड्याच्या चौकात सतरंज्या पडतात आणि गाव रात्रभर बसते.

आम्ही गेलो तेव्हा गाणे नव्हते. चौकात ऊन उतरले होते आणि लाकडी खांबांच्या सावल्या जमिनीवर आडव्या पडल्या होत्या. मी मुलांना भीमसेनांचे नाव सांगितले. नात, जी गेली दोन वर्षे पेटी शिकते आहे, तिने विचारले, "आजोबा, इथे गायचं असेल तर कुणाला विचारायचं?" अक्कांनी तिला खांबापाशी बसवले आणि म्हणाल्या, "आधी सा लाव."