ठेवीदाराचा डोळस विश्वास



नागरी सहकारी बँक ज्या समाजाच्या भागभांडवलावर उभी राहते, त्याच समाजाची पुंजी ती सांभाळते. संचालक परिचयाचे, शाखा पेढीच्या शेजारी. म्हणून ठेवीदार पावती घेतो आणि निश्चिंत होतो. हा विश्वास सहकाराचे खरे भांडवल आहे. परंतु उधारीवर माल देताना गिऱ्हाइकाची पत पारखणारा व्यापारी जन्माची कमाई बँकेत ठेवताना तिचा वार्षिक अहवाल उघडूनही पाहत नाही. वस्तुतः ठेव म्हणजे ठेवीदाराने बँकेला दिलेली उधारीच होय.

अहवालात तीन आकडे प्रथम पाहावेत. पहिला भांडवल पर्याप्ततेचा. जोखमीच्या मानाने बँकेचे स्वतःचे भांडवल किती, हे त्यावरून कळते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये त्याचे किमान प्रमाण बँकेच्या आकारमान व कार्यक्षेत्रानुसार ९ किंवा १२ टक्के ठरविले. दुसरा आकडा अनुत्पादक कर्जांचा. साधारणतः ९० दिवसांहून अधिक काळ हप्ता किंवा व्याज थकले की ते कर्ज अनुत्पादक ठरते. ढोबळ आणि निव्वळ असे त्याचे दोन आकडे असतात. दोहोंतील अंतर मुख्यतः तरतुदींचे असते. तिसरा आकडा नफ्याचा. तो तरतुदी पूर्ण करून उरलेला आहे काय, हे पाहावे. लाभांश भरघोस आणि तरतूद तोकडी असेल, तर तो भपका समजावा. हे आकडे एका वर्षाचे न पाहता तीन-चार वर्षांचे शेजारी ठेवून पाहावेत.

तथापि आकडे खरे असतील तरच उपयोगाचे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या मार्च २०१९ च्या अहवालात ढोबळ अनुत्पादक कर्जे ४ टक्क्यांच्या आत होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि आरंभी प्रत्येक खातेदारास केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. एकूण कर्जापैकी सुमारे ७३ टक्के रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे होती व ती दडविण्यात आली होती, हे नंतर उघड झाले. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला मात्र दहा वर्षांपर्यंतची प्रतीक्षा आली. औषधपाणी, मुलीचे लग्न, म्हातारपण यांसाठी राखलेला पैसा असा अडकला.

म्हणून आकड्यांच्या पुढे जाऊन लेखापरीक्षकांचे शेरे वाचावेत. सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा आहे, संचालकांच्या नातलगांना कर्जे आहेत काय, हे सभासदाने वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारावे. असा प्रश्न म्हणजे अविश्वास नव्हे. चांगल्या संचालकास तो बळच देतो. सभेला केवळ अल्पोपाहारासाठी जाणारा सभासद स्वतःचा हक्क सोडून देतो.

ठेव विम्याची मर्यादाही ध्यानी असावी. १९९३ पासून १ लाख असलेली ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख रुपये झाली. ती मुद्दल व व्याज मिळून, एका बँकेतील सर्व शाखांच्या ठेवी एकत्र धरून आहे. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागल्याने संरक्षण दुप्पट होत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनुसार निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद झाली. त्याहून मोठी रक्कम, विशेषतः संस्थेचा निधी, एकाच ठिकाणी ठेवताना विश्वस्तांनी शंभरदा विचार करावा.

शेवटी एक पथ्य. कुजबुजीवरून धावत जाऊन ठेवी काढल्यास सुदृढ बँकही आजारी पडते. अहवाल वाचणारा ठेवीदार अफवेने घाबरत नाही आणि गोड बोलण्याने भुलत नाही. असे ठेवीदार ज्या बँकेस लाभतात, तिच्या कारभाऱ्यांना जागे राहावेच लागते.