ओस पडलेल्या मोठ्या दुकानांचे पुढे काय?

एखादी जुनी गिरणी बंद पडली, गाळाने भरून एखादे बंदर निकामी झाले किंवा एखादा राजवाडा ओस पडला, तर लोक हळहळतात. त्या वास्तूंच्या जतनासाठी समित्या नेमल्या जातात, लेख लिहिले जातात. मोठे दुकान बंद पडले तर मात्र कोणाला फारसे वाईट वाटत नाही. त्याला इतिहास नसतो आणि शिल्पसौंदर्यही नसते. सपाट छत, कोऱ्या भिंती आणि भोवती डांबरी वाहनतळ एवढेच त्याचे रूप असते. तरीही अशा वास्तूंचे करावयाचे काय, हा प्रश्न गेल्या काही दशकांत अमेरिकेतील असंख्य गावांपुढे उभा राहिला आहे, आणि आता तो भारतीय शहरांच्या दारीही येऊन ठेपला आहे. प्रस्तुत व्याख्यानात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम या वास्तूचा जन्म कसा झाला ते पाहू. १९६२ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या एकाच वर्षी मिशिगन राज्यात केमार्टचे, मिनेसोटात टार्गेटचे आणि आर्कन्सॉ राज्यातील रॉजर्स या लहानशा गावात वॉलमार्टचे पहिले दुकान उघडले. गावाच्या मुख्य पेठेपासून दूर, हमरस्त्यालगत स्वस्त जमीन घ्यावयाची, तेथे एकमजली प्रचंड शेड उभारावयाची, समोर शेकडो मोटारींची सोय करावयाची आणि भरपूर माल कमी नफ्यात विकावयाचा, अशी ही पद्धत होती. इमारतीवर शक्य तितका कमी खर्च करणे हे या व्यापाराचे मर्म होते. इमारत शंभर वर्षे टिकावी, अशी अपेक्षा बांधणाऱ्याने कधी ठेवलीच नव्हती.

दुकान बंद पडते ते धंदा बुडाल्यामुळेच, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. केमार्टने २००२ मध्ये आणि सीअर्सने २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्यांची कित्येक दुकाने ओस पडली, हे खरे. परंतु त्यापूर्वीही अनेक दुकाने रिकामी झाली होती, आणि ती धंद्याच्या भरभराटीमुळे. १९८८ मध्ये वॉलमार्टने किराणा, भाजीपाला व इतर सर्व वस्तू एकाच छपराखाली विकणारे ‘सुपरसेंटर’ सुरू केले. त्यासाठी जुनी जागा अपुरी पडू लागली. जुनी इमारत वाढविण्यापेक्षा त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर नवी बांधणे कंपनीला अधिक किफायतशीर वाटले. अशा रीतीने एकाच गावात एक दुकान गजबजलेले आणि त्याच कंपनीचे दुसरे कुलूपबंद, असे दृश्य दिसू लागले. नव्या दुकानापुढे मुख्य पेठेतील लहान दुकानदार टिकले नव्हते. त्यामुळे जुनी पेठही ओस आणि जुने मोठे दुकानही ओस, अशी काही गावांची दुहेरी हानी झाली.

आता या इमारतीचे गुणदोष पाहावयास हवेत. तिचा आतील अवकाश विस्तीर्ण असतो, छत उंच असते आणि खांब ठराविक अंतरावर असतात. मजला एकच असल्यामुळे वृद्ध व अपंगांना जिना चढावा लागत नाही. मागच्या बाजूस मालमोटारी लावण्याची सोय असते. रस्ता, वीज, पाणी, सांडपाण्याचा निचरा हे सर्व तेथपर्यंत आधीच पोहोचलेले असते. हे झाले गुण. दोष असा की, दर्शनी भाग सोडला तर खिडक्या जवळजवळ नसतातच. इमारत इतकी खोल असते की मध्यभागी दिवसाही अंधार असतो. नळ व स्वच्छतागृहे एकाच कोपऱ्यात असतात. उघड्या लोखंडी छताखाली आवाज घुमतो. शिवाय अवाढव्य वाहनतळामुळे पायी येणाऱ्या माणसाला ती जागा परकी वाटते. यांपैकी बहुतेक दोष स्थापत्यशास्त्राच्या साहाय्याने दूर करता येतात. खरी अडचण वेगळीच आहे. ती समजून घेण्यासाठी टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवर असलेल्या दोन शहरांकडे वळावे लागेल.

मॅकॅलन हे त्यांपैकी पहिले शहर. तेथील वॉलमार्टचे एक दुकान रिकामे झाले तेव्हा शहराचे ग्रंथालय जागेच्या टंचाईने त्रस्त होते. नगरपालिकेने ती इमारत ताब्यात घेतली आणि मिनिआपोलिस येथील एका वास्तुरचनाकार संस्थेकडे आतील मांडणीचे काम सोपविले. सुमारे सव्वा लाख चौरस फुटांच्या त्या एकाच मजल्यावर त्यांनी छत व बाहेरच्या भिंतींना पांढरा रंग दिला. इमारतीच्या लांबीभर, डोक्यावर नक्षीदार लाकडी पट्टा टांगून आतल्या आत जणू एक राजरस्ता निर्माण केला, आणि त्याच्या दुतर्फा मुलांचा विभाग, वाचनकक्ष, संगणककक्ष, बैठकीच्या खोल्या व सभागृह यांची योजना केली. डिसेंबर २०११ मध्ये हे ग्रंथालय उघडले. पहिल्याच महिन्यात नव्या सभासदांच्या नोंदणीत २३ टक्के वाढ झाल्याची नोंद आहे. २०१२ मध्ये ग्रंथालयांच्या अंतर्गत रचनेसाठी दिला जाणारा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास मिळाला. जेथे लोक विकत घेण्यासाठी येत, तेथे आता ते काहीही विकत न घेता दिवसभर बसू लागले.

दुसरे शहर ब्राउन्सव्हिल. मॅकॅलनपासून ते सुमारे शंभर किलोमीटरवर, त्याच रिओ ग्रांदे नदीच्या काठी आहे. तेथेही वॉलमार्टचे एक दुकान रिकामे झाले. कंपनीने ते २०१६ मध्ये एका खाजगी व्यावसायिकास विकले. २०१७ मध्ये तेथे ‘कासा पाद्रे’, म्हणजे ‘पित्याचे घर’, या नावाचे निवासस्थान सुरू झाले. सीमा ओलांडून आलेल्या परदेशी अल्पवयीन मुलांना तेथे ठेवण्यात येत असे. एक बिगरसरकारी संस्था केंद्र शासनाशी झालेल्या करारानुसार ते चालवीत होती. जून २०१८ मध्ये तेथे दहा ते सतरा वर्षे वयाची जवळजवळ दीड हजार मुले होती. बहुतेक एकटीच आलेली होती. काहींना त्या वर्षीच्या कठोर सीमाधोरणानुसार आईवडिलांपासून वेगळे करण्यात आले होते. छतापर्यंत न पोहोचणाऱ्या भिंतींच्या खोल्यांत ती झोपत, आणि दिवसातील सुमारे दोन तासच त्यांना मोकळ्या हवेत नेले जाई. एका सिनेटरने आत जाऊन पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा त्यांनाही दारातून परत पाठविण्यात आले. त्यावरून गदारोळ झाल्यावर वार्ताहरांना आत प्रवेश मिळाला आणि हा प्रकार जगापुढे आला. इमारतीचा असा उपयोग होईल याची कल्पना नव्हती, असे मूळ कंपनीने त्यानंतर जाहीर केले.

त्या मुलांना निवारा देणे आवश्यक होते, हे नाकारता येणार नाही. परंतु निवारा आणि बंदिवास यांतील अंतर कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न उरतोच. दोन्ही इमारती एकाच कंपनीच्या, एकाच पद्धतीने बांधलेल्या आणि एकाच प्रदेशातील होत्या. खिडक्यांचा अभाव दोन्हीकडे सारखाच होता. खिडक्या नसलेल्या भिंतींमुळे एकीकडे वाचकाला शांतता मिळाली आणि दुसरीकडे आत काय चालले आहे ते बाहेरच्यांपासून दडून राहिले. हा फरक इमारतीने निर्माण केलेला नाही. मॅकॅलनमध्ये इमारत शहराच्या हाती आली. ती काय व्हावी हे नगरपालिकेने ठरविले, आणि त्याबद्दल नागरिक तिला जाब विचारू शकत होते. ब्राउन्सव्हिलमध्ये ती एका खाजगी हातातून दुसऱ्या हातात गेली, आणि तिचा उपयोग दूरच्या राजधानीतील एका कराराने ठरला. रिकाम्या इमारतीचे भवितव्य ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हीच या विषयातील खरी अडचण होय.

हा अधिकार अनेकदा दुकान उघडतानाच गावाच्या हातून निसटलेला असतो. भाडेपट्ट्यात किंवा खरेदीखतात अशी अट असू शकते की, ही जागा प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यास देता येणार नाही. दुकान हलविल्यानंतरही कंपनी जुन्या जागेचे भाडे वर्षानुवर्षे भरत राहते, कारण ती रिकामी राहण्यातच तिचे हित असते. अशा वेळी गावाने कितीही सुंदर योजना आखली, तरी ती कागदावरच राहते.

तथापि अधिकार हाती नसतानाही लोकांनी पुढाकार घेतल्याची उदाहरणे आहेत. टेनेसी राज्यातील मेंफिस शहरात सीअर्स कंपनीने १९२७ मध्ये टपालाने मागविलेला माल पाठविण्याचे केंद्र व दुकान बांधले होते. कालांतराने त्याचा विस्तार सुमारे पंधरा लाख चौरस फूट झाला. १९९३ मध्ये, म्हणजे कंपनीने आपली प्रसिद्ध मालसूची बंद केली त्याच वर्षी, या केंद्रासही कुलूप लागले. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ ती इमारत तशीच पडून होती. पाडण्यासही परवडू नये, इतकी ती प्रचंड होती. २०१० मध्ये कलेतिहासाचे प्राध्यापक टॉड रिचर्डसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘क्रॉसटाउन आर्ट्स’ ही संस्था काढली. इमारत उघडण्यापूर्वी त्यांनी तिच्या परिसरात प्रदर्शने व कार्यक्रम भरविले, लोकांची पावले तिकडे वळविली आणि मगच भांडवलाची जुळवाजुळव केली. ऑगस्ट २०१७ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली. आज तेथे विमा नसलेल्या कष्टकऱ्यांवर उपचार करणारी आरोग्यसंस्था, माध्यमिक शाळा, कलादालन, कचेऱ्या व राहती घरे आहेत. अंधाऱ्या मध्यभागात उजेड यावा म्हणून मजले कापून वरपर्यंत मोकळी जागा काढण्यात आली. वाड्याच्या चौकाचे महत्त्व जाणणाऱ्या मराठी वाचकास या उपायाचे मर्म निराळे सांगावयास नको.

गरज निकडीची असली तर बदल किती त्वरेने होऊ शकतो, हे व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन शहराने दाखविले. तेथील माध्यमिक शाळेच्या इमारतीत २०२० मध्ये विषारी रसायने आढळली आणि शाळा बंद करावी लागली. मार्च २०२१ मध्ये ती शहराच्या मध्यभागातील मेसीज या बंद पडलेल्या दुकानात भरू लागली. विद्यार्थी सरकत्या जिन्यांवरून वर्गात जाऊ लागले. नॅशव्हिल शहरात व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने २००९ मध्ये एका उतरणीला लागलेल्या मॉलच्या वरच्या मजल्यावर बाह्यरुग्ण विभाग हलविले आणि खालच्या मजल्यावर दुकाने चालू ठेवली. मोठ्या रुग्णालयात मोटार लावण्यासाठी वणवण करणाऱ्या रुग्णाला तेथील प्रशस्त वाहनतळ वरदानच ठरला.

भारतात हा प्रश्न थोड्या निराळ्या रूपात पुढे आला आहे. येथे आधुनिक मॉलचा प्रसार १९९९ च्या सुमारास सुरू झाला. स्थावर मालमत्ताविषयक सल्लागार संस्था नाइट फ्रँक हिने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, ४० टक्क्यांहून अधिक जागा रिकामी असलेल्या ६४ व्यापारी संकुलांची नोंद केली. यामागे एक महत्त्वाचे कारण मालकीच्या स्वरूपात आहे. अनेक ठिकाणी बांधणाऱ्याने एकेक गाळा निरनिराळ्या खरेदीदारांना विकून टाकला. एका छपराखाली शंभर मालक असले, की कोणते दुकान कोठे असावे हे कोणीच ठरवीत नाही, आणि संकुल ओस पडल्यावर त्याचे दुसरे काही करावे यावरही एकमत होत नाही. अमेरिकेत निर्णय एका दूरच्या मालकाच्या हाती असतो. येथे तो इतक्या हातांत विखुरलेला असतो की निर्णयच होत नाही. परिणाम मात्र एकच होतो.

वापर बदलताना सुरक्षिततेकडे दुर्लक्ष झाले तर काय घडते, हेही येथेच दिसून आले आहे. मुंबईच्या भांडुप उपनगरातील एका मॉलच्या वरच्या मजल्यावर कोविडच्या साथीत रुग्णालय सुरू झाले होते. २५ मार्च २०२१ च्या रात्री त्या मॉलला आग लागली. धूर वर चढला, आणि खाटेवरून उठू न शकणाऱ्या काही रुग्णांना प्राणास मुकावे लागले. दुकानातील गिऱ्हाईक संकटकाळी आपल्या पायांनी बाहेर पडते. रुग्णाला उचलून न्यावे लागते, आणि लहान मुलाला हात धरून. म्हणून दुकानासाठी पुरेसे ठरलेले जिने, दारे व अग्निशमनाची साधने रुग्णालयास किंवा शाळेस पुरतीलच असे नाही. नवा उपयोग सुरू होण्यापूर्वी या सर्वांची नव्याने तपासणी झाली पाहिजे. तिचा खर्चही योजनेत प्रथमपासूनच धरला पाहिजे.

या सर्व उदाहरणांवरून नगरपालिकांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. इमारत रिकामी झाल्यावर तिच्यासाठी भाडेकरू शोधणे, हा मार्ग उलटा आहे. शहरात उणीव कशाची आहे, ग्रंथालयाची, दवाखान्याची, शाळेची की घरांची, याची यादी आधीपासूनच तयार असावयास हवी. मॅकॅलनला इमारत मिळाली तेव्हा आपणांस काय हवे हे त्या शहराला ठाऊक होते. दुसरी गोष्ट म्हणजे, बांधकामाची परवानगी मागण्यासाठी व्यापारी दारात उभा असतो, त्या वेळीच शहराचे बळ सर्वांत अधिक असते. पुढे जागा सोडल्यास तिची देखभाल कोण करील, किती मुदतीत ती इतरांसाठी खुली होईल, आणि न झाल्यास पाडण्याचा खर्च कोण सोसेल, हे तेव्हाच लिहून घेता येते. अमेरिकेतील काही गावांनी त्यासाठी आगाऊ हमीरक्कम मागावयास सुरुवात केली आहे. भारतात जेथे गाळे सुटे विकले जातात, तेथे सर्व गाळेधारकांच्या वतीने निर्णय घेऊ शकेल अशी एक अधिकृत संस्था असण्याची अट घालणेही तितकेच आवश्यक ठरेल.

या अटी रूक्ष आहेत आणि उद्‌घाटनाच्या उत्साहात त्या कोणाला सुचत नाहीत. परंतु फीत कापण्याच्या दिवशी लिहून न घेतलेले कलम वीस वर्षांनंतर कुलूप लागलेल्या दारापुढे उभे राहून मागता येत नाही.