आनंदाला वेगळा तास नको



शिक्षणाने मूल शहाणे व्हावे, स्वतःच्या पायावर उभे राहावे, याबद्दल आपल्या शिक्षकांत वाद नाही. ते आनंदी व्हावे असे म्हटले की मात्र काहींच्या कपाळाला आठी पडते. लाड होतील, अभ्यास बुडेल, असे त्यांना वाटते. आनंद म्हणजे करमणूक असे धरून चालल्यामुळे ही भीती वाटते.

दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ मध्ये ‘हॅपिनेस’ हा विषयच वेळापत्रकात आला. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या शाळांत ‘आनंददायी शनिवार’ आला. या दोन्हींचे मी स्वागत करतो. पण शनिवारी गाणी म्हणून सोमवारी गणिताच्या तासाला मुलाच्या पोटात गोळा येणार असेल, तर आपले मुख्य काम तसेच राहिले आहे.

ते काम कसे करायचे हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी दाखवून ठेवले आहे. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येईनात, म्हणून शाळाच पाड्यावर गेली, अंगणात भरली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर भरली. माँटेसरीची महागडी साधने तिथे कुठून आणणार? शिंपले, खडे, बिया, काटक्या हीच साधने झाली. काटकसर म्हणून हे केले असेल, पण साधले त्याहून मोठे. जे रोज हाताळतो त्यातूनच मोजणे, निवडणे, लावणे सुरू झाल्यावर ‘आपल्याला काही येत नाही’ ही भावना घेऊन मुलाला बसावे लागत नव्हते. आनंद तिथे शिकण्यातच होता, त्याची वेगळी सोय करावी लागली नाही.

असाच एक वर्ग मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाहिला. तिसरीची मुले व्हरांड्याची रुंदी वितीने मोजत होती. एका मुलीच्या विती वीस भरल्या, गुरुजींच्या पंधरा. “गुरुजी, तुम्ही चुकलात,” ती ठामपणे म्हणाली. गुरुजींनी तिला पुन्हा मोजायला सांगितले. पुन्हा वीसच. मग वाद पेटला, हातांना हात लावून पाहिले गेले, आणि एरवी मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा ओरडला, “हातच सारखे नाहीत!” मीटरपट्टी मुलांनीच मागून घेतली. सगळा तास एका व्हरांड्यात गेला, पाठ्यपुस्तकाचे पानही उलटले नाही. त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे होते त्याला मी शिक्षणातला आनंद म्हणतो. तो कष्टाने मिळतो आणि म्हणूनच टिकतो.

या आनंदाला दोन गोष्टी लागतात. गुरुजींना ‘चुकलात’ म्हणता येईल इतका निर्भयपणा, आणि वाद पुरता होईपर्यंत थांबण्याइतकी सवड. निर्भयपणासाठी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम आहे: मुलाला मारायचे नाही, त्याचा मानसिक छळही करायचा नाही. छडी बरीचशी गेली. चारचौघांत पाणउतारा करणे अजून गेलेले नाही, आणि ते थांबवणे सर्वस्वी आपल्या हातात आहे.

सवडीचे तसे नाही. त्याच कायद्याचे सत्ताविसावे कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असे सांगते. तरीही वर्ग चालू असताना मोबाइलवर निरोप येतो: माहिती तातडीने भरा. ज्या शिक्षकाचा तास असा तुटतो, त्याने वितीचा वाद कसा रंगू द्यावा?

म्हणून या परिषदेपुढे मी एक ठराव मांडतो. शाळेच्या वेळेत कोणत्याही शिक्षकाकडून ऑनलाइन माहिती मागवली जाऊ नये, आणि वर्गतपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी वह्या पाहण्याआधी मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते पाहावे. आपण सर्वांनी या ठरावाला अनुमोदन द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.