जिताडा गरवायला शिकूया



आम्ही धरमतर खाडीच्या काठावरच्या एका बचत गटातल्या बाया बोलतोय. बाजारात पाटी मांडून मासे विकायचं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण मासा धरायचा तो पुरुषांनी आणि विकायचा तो बायकांनी, अशी वाटणी पूर्वापार चालत आलेली. ज्या घरात होडी नाही, डोल नाही, त्या घरातल्या बाईने दुसऱ्याचा मासा विकत घेऊन मगच विकायचा. आम्ही तीन वर्षांपूर्वी काठावरून गरवायला शिकलो. एक गरी, एक तंगूस आणि भरती-ओहोटीचं गणित, एवढ्यावर हे काम होतं. आज तेच तुम्हाला सांगतो.

आधी मासा ओळखूया. जिताड्याला गोव्यात चोणक म्हणतात, बंगालात भेटकी. अंग रुपेरी, पाठ हिरवट-करडी, खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला. रात्री विजेरीचा उजेड पडला की डोळे लालसर चमकतात. लहानपणी तो खाडीतून वर गोड्या पाण्याकडे जातो आणि मोठा झाला की पावसाळ्यात अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्याकडे उतरतो. आपल्या रायगडात भातखाचराशेजारच्या तळ्यात जिताडा सोडायची चाल जुनी आहे. पाहुणा मानाचा असला की तळ्यातला जिताडा निघतो.

जिताडा मासळीच्या मागे धावत फिरत नाही. तो आडोशाला दबा धरून बसतो आणि प्रवाह जे आणून देईल ते एका घोटात ओढून घेतो. म्हणून शिकणाऱ्या बाईने पहिला प्रश्न विचारायचा तो असा: खाणं कुठून वाहत येतंय आणि आडोसा कुठे आहे? खारबंदिस्तीच्या उघाडीचं तोंड, कांदळवनातून निघणाऱ्या नाळीचं तोंड, पुलाचे खांब, बुडालेला ओंडका, या त्याच्या जागा. उघड्या, सपाट पाण्यात दिवसभर गरी टाकून बसलात तरी हाती शिंगाळाच लागायचा.

दुसरी गोष्ट वेळ. भरतीला कोळंबी आणि बारीक बोय कांदळवनात शिरतात. पाणी उतरू लागलं की त्या सगळ्यांना नाळीतूनच परत यावं लागतं आणि जिताडा तोंडाशी वाट बघत असतो. म्हणून ओहोटी लागल्यापासूनचे पहिले दोन तास आपले. वेळ काढायचा हिशोब आपल्या आज्यांना पाठ होता: तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, तेव्हा भरती पुरी. अष्टमीला सहा वाजता. खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरायचा. नवख्या बाईने पुनव-अवसेच्या उधाणात जाऊ नये, कारण पाण्याला ओढ फार असते. अष्टमीच्या भांगात पाणी जेमतेम हलतं, तेव्हा मासाही सुस्त असतो. तृतीया ते षष्ठी हे दिवस शिकायला बरे. पंचमीला साडेचारला सुरुवात केली तर अंधार पडायच्या आत घरी येता येतं.

आता सामान. तंगूस जाड घ्या, वीस किलो वजन पेलेल अशी. जिताड्याचे दात बारीक, खरखरीत असतात, त्यांनी तंगूस तुटत नाही. पण त्याच्या कल्ल्यांवरच्या झाकणाची कड सुरीसारखी असते आणि काठावरच्या दगडांना कालवं चिकटलेली असतात. म्हणून गरीजवळची हातभर तंगूस आणखी जाड लावायची. तंगूस लाकडाच्या तुकड्यावर नाहीतर रिकाम्या बाटलीवर गुंडाळून ठेवा. शिसं हलकंच लावा, म्हणजे आमिष प्रवाहाबरोबर आपसूक वाहत जाईल. हाताला किंवा मनगटाला तंगूस कधीही गुंडाळायची नाही. मोठा मासा लागला तर तो बोट कापून नेतो. बोटांना कापडाच्या पट्ट्या बांधा.

आमिष जिवंत हवं. कोळंबी लावायची तर डोक्यात जो काळा ठिपका दिसतो त्याला धक्का न लावता, शिंगाच्या मुळाशी गरी ओवायची. ठिपक्याला गरी लागली की कोळंबी मेली. बोय लावायचा तर वरच्या ओठातून. मेलेल्या आमिषाला खेकडे आणि शिंगाळेच आधी येतात.

जिताडा आमिष घेतो तेव्हा पाण्यात ‘बुडूक’ असा मोठा आवाज होतो. तो ऐकून हात आपोआप हिसका द्यायला जातो. तो आवरायचा. मासा आमिष तोंडात घेतो, मग आडोशाकडे वळतो. वळला की तंगूस ताणते. त्या क्षणी एकच जोराचा झटका द्यायचा. पुढे तंगूस ढिली पडू द्यायची नाही. जिताडा पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो आणि ढिल्या तंगुसीवर गरी तोंडातून सुटते. तो ओढायला लागला की थोडी सोडायची, थांबला की ओढून घ्यायची. मात्र पहिल्या ओढीला त्याला ओंडक्यात किंवा मुळांत शिरू द्यायचं नाही. काठाशी आला की दांड्याच्या जाळीत घ्या. कल्ल्यात बोटं घालू नका, हात फाटतो. खालचा ओठ ओल्या फडक्याने धरा. मासा लगेच बर्फात गेला तर भाव टिकतो, उन्हात पाटीत पडून राहिला तर दुपारपर्यंत निम्मा उतरतो.

आता आमच्या गटात ज्यावर सगळ्यात जास्त वाद झाला ती गोष्ट. जिताडा आधी नर असतो. काही वर्षांनी, साधारण ऐंशी सेंटीमीटरच्या पुढे गेल्यावर, तो मादी होतो. म्हणजे खाडीतले सगळ्यात मोठे जिताडे बहुतेक आयाच. मोठा मासा धरला की पैसे हातात येतात, पण पुढच्या वर्षीची पिल्लं त्याच पोटात असतात. लहान सोडा, हे सगळ्यांना पटलं. मोठा सोडा, हे कसं पटावं? एका मोठ्या जिताड्यात पोराची वह्या-पुस्तकं येतात, दुकानाची उधारी फिटते. आमच्यातली एक म्हणाली, “डोल लावणारे सोडतात का? मग आम्हीच का सोडायचा?” तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

तीन बैठका झाल्या. शेवटी दोन नियम ठरले. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जो भरत नाही, तो कधीच ठेवायचा नाही. आणि ज्येष्ठ-आषाढात, अंडी घालायच्या दिवसांत, खाडीच्या तोंडाशी गरवायला जायचं नाही. बाकीच्या दिवसांत जिच्या गरीला जो लागेल तो तिचा. सगळ्यांनी मनापासून मान्य केलं असं नाही. पण नियम आपणच केला, म्हणून पाळला जातो. तुमच्या गटात वेगळा निघेल, पण बसून ठरवा. सोडायचा मासा हात ओले करून धरा आणि लवकर सोडा.

आणि जिवापेक्षा मासा मोठा नाही. एकटीने जाऊ नये, दोघी-तिघींनी जावं. भरती मागच्या नाळीतून येते आणि परतीची वाट आधी बुडते, म्हणून परतायची वेळ निघतानाच ठरवा. चिखलात पाय उचलून टाकू नका, घासत सरका, म्हणजे पाकट असला तर बाजूला होतो. पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा, ठणका कमी होतो, आणि तसंच दवाखाना गाठा. पायात बूट हवेत, कालवांनी पाय चिरतात. रिकामा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा कॅन दोरी बांधून जवळ ठेवा. कुणी घसरली तर फेकता येतो. विजा चमकायला लागल्या की खाडी सोडायची.

कांदळवन तोडू देऊ नका. तीच कोळंबीची शाळा आणि जिताड्याची शिकारीची जागा. ज्यांच्याकडे तळं आहे त्यांना बीजासाठी खाडीतली पिल्लंच धरावी लागतात असंही आता नाही. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं बीज तयार करण्यात यश मिळवलं. मात्र तळ्यात मोठी आणि लहान पिल्लं एकत्र ठेवू नका, मोठी लहानांना गिळतात.

शेवटी वहीबद्दल. कोण कधी गेली, काय मिळालं, किती वजन, काय भाव, काय सोडलं, हे लिहून ठेवा. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मासेमारांसाठीही खुलं झालं आहे आणि महिला गटही अर्ज करू शकतात. बँकेत विचारतात, “तुम्ही मासेमारी करता कशावरून?” विकणारी म्हणून आपल्याला सगळे ओळखतात, धरणारी म्हणून नोंद कुठेच नसते. ती नोंद आपल्या वहीत सुरू होते.

येत्या पंचमीला भरतीची वेळ काढा, तंगूस तपासा आणि पहिल्या दिवशी नुसतं उघाडीच्या तोंडाशी बसून पाणी कसं उतरतं ते बघा. दुसऱ्या दिवशी गरी टाका. काही अडलं तर केंद्रावर कळवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू.