महामार्गाची रेघ आणि पाड्यावरचा झरा
(पेठ येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नाशिकहून पेठला यायचे म्हणजे सावळघाट आणि कोटंबी घाट ओलांडणे आले. त्या वळणांवर नास्तिकाच्या मुखातूनही रामनाम निघते! तेव्हा रस्ता नको, असे सांगण्यास मी आलेलो नाही. अपरात्री प्रसूतिवेदना सुरू झालेल्या भगिनीला घेऊन ज्यांना नाशिक गाठावे लागते, त्यांना हे ऐकविण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु सुरत-चेन्नई महामार्गाच्या मूळ आखणीत सुरगाणा, पेठ, दिंडोरी ही नावे आली, तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. ही रेघ ओढली जाते, तेव्हा ओढणाऱ्याला काय दिसत असते?

पूर्वी त्याला दोन गावांमधील अंतर आणि खर्च एवढेच दिसे. १९६९ साली इयान मॅकहार्ग या अमेरिकास्थित नियोजनकाराने आपल्या ग्रंथात एक साधी रीत मांडली. न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन बेटावरील रस्त्यासाठी त्याने उतार, जलप्रवाह, वने, वस्ती यांचे वेगवेगळे पारदर्शक नकाशे केले आणि एकावर एक ठेवले. जिथे काळोखी दाट, तिथे हानी अधिक. जिथे उजेड आरपार येतो, तिथून रस्ता. आजचा संगणकीय नकाशा मुळात हेच करतो, फक्त शेकडो थर आणि क्षणार्धात. आपल्या इस्रोने २००५ साली सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहावर दोन कॅमेरे होते, एक पुढे झुकलेला, दुसरा मागे. आपले दोन डोळे खोली जाणतात, तशीच डोंगराची उंची त्यांतून कळे. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात सह्याद्रीचे सुमारे नऊ किलोमीटरचे चौकोन पाडून त्यांची संवेदनशीलता ठरविली, तीही अशाच नकाशांच्या आधारे. २०२१ पासून ‘गतिशक्ती’ योजनेत रस्ते, रेल्वे, वने एकाच पटावर आणली गेली आहेत.

मी कला शाखेचा पदवीधर, गणिताशी माझे जुने वैर. तरीही एक गोष्ट मला उमगली. संगणक प्रत्येक थराला भारांक देतो, पण तो भारांक माणूसच ठरवितो. आणि ज्या वस्तूचा थरच नाही, तिचा भारांक शून्य!

पेठच्या बाबतीत शून्य कशाला मिळते? झऱ्याला. येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात मायभगिनी हंडा घेऊन डोंगर उतरतात. साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह ढगांपलीकडे पाहू शकत नाही. म्हणून त्याची स्वच्छ छायाचित्रे बहुधा कोरड्या महिन्यांतली असतात. त्यांत ओहोळ म्हणजे दगडांची एक पांढुरकी रेषा, आणि हातभर रुंदीचा झरा तर उमटतच नाही.

आपल्या काळ्या पाषाणात भेगाळ थर आणि घट्ट थर आलटून पालटून येतात. भेगांतून मुरलेले पाणी घट्ट थराशी अडते आणि कड्याच्या कुशीतून बाहेर येते. त्याच्या वरच्या अंगाला रस्त्यासाठी डोंगर कापला, की तेच पाणी कापलेल्या भिंतीतून पाझरून रस्त्याकडेच्या गटारात जाते. खालच्या पाड्याला कळतेसुद्धा नाही की आपले पाणी नेमके कोठे गेले. पुन्हा खोदाईचा राडारोडा नाल्यात लोटला, तर पहिल्याच आषाढात तो नागलीच्या खाचरात उतरतो.

हा थर उपग्रह देणार नाही, आपले वनवासी बांधव देतील. कोणता झरा चैत्रात आटतो आणि कोणता वैशाखातही वाहतो, हे पाड्यावरच्या आजीला तोंडपाठ आहे. पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेला आवाज दिला आहे. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार नव्या राष्ट्रीय महामार्गासाठी जनसुनावणी असते आणि अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत द्यावा लागतो. पण आमच्याकडे सुनावणीत बहुधा भाषणे होतात, घोषणा होतात. नकाशासमोर नकाशा ठेवल्याचे मी क्वचितच पाहिले.

म्हणून माझी विनंती आहे. येत्या वैशाखात, शाळांना सुट्टी असताना, नववी-दहावीची मुले आणि एक जाणती आजी यांना घेऊन निघा. प्रत्येक वाहत्या झऱ्यापाशी मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपा. झऱ्याचे नाव, तारीख आणि किती घरे तेथे पाणी भरतात, ते लिहा. ग्रामसभेत ठराव करून ही वही त्याला जोडा. सुनावणीची सूचना निघाल्यावर किमान ३० दिवस मिळतात. नोंदी तेव्हा करू म्हटले आणि ते दिवस श्रावणातले निघाले, तर डोंगरावरचा प्रत्येक ओहोळ झऱ्यासारखाच दिसत असेल.