लँग्स्टन वकिलांची गोष्ट

आज आम्ही अमेरिकेच्या दक्षिण भागात जन्मलेल्या एका वकिलाची गोष्ट सांगणार आहोत. नाव जॉन मर्सर लँग्स्टन. जन्म १८२९ चा, व्हर्जिनिया राज्यातला. वडील गोरे जमीनदार. आई ल्यूसी त्यांचीच पूर्वीची गुलाम. तिला त्यांनी मुक्त केलं होतं. पण अशा लग्नाला तिथला कायदा मान्यता देत नव्हता. मुलांना आडनाव मिळालं ते आईचं.

जॉन चार वर्षांचा असताना दोघंही वारले. वडिलांच्या एका मित्राने त्याला ओहायोत पोटच्या पोरासारखं वाढवलं. पुढे ते कुटुंब मिसूरीला निघालं. मिसूरीत गुलामगिरी होती. तिथे मुलाचं स्वातंत्र्यही धोक्यात आणि वडिलांनी ठेवलेला पैसाही, म्हणून थोरला सावत्र भाऊ कोर्टात गेला. न्यायाधीशांनी मुलाला ओहायोतच ठेवलं. नऊ-दहा वर्षांच्या पोराने कोर्ट पाहिलं ते असं, स्वतःच्याच खटल्यात.

ओबर्लिन कॉलेजात तो शिकला. कायद्याच्या शाळांनी दार लावून घेतलं, तेव्हा एका वकिलाच्या हाताखाली शिकून १८५४ मध्ये त्याने सनद मिळवली.

आता ऐका १८६२ ची गोष्ट. ओबर्लिनमध्ये शिकणाऱ्या एडमोनिया लुईस या मुलीवर आळ आला, की तिने बरोबरच्या दोन गोऱ्या मुलींना पेयातून विष घातलं. खटला उभा राहण्याआधीच लोकांनी तिला बेदम मारून शेतात टाकून दिलं. लँग्स्टन तिचे वकील झाले. त्यांचं म्हणणं साधं होतं : विष पोटात गेलं याचा पुरावा कुठे आहे? तपासणी कोणीच केली नव्हती. एडमोनिया सुटली आणि पुढे रोममध्ये नावाजलेली शिल्पकार झाली. तिला मारणाऱ्यांना मात्र शिक्षा झाली नाही, हे आम्हाला अजून खुपतं.

गुलामगिरी संपल्यावर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १८६९ मध्ये त्यांनी कायद्याचा विभाग उभा केला. तिथूनच १८७२ मध्ये शार्लट रे शिकून बाहेर पडली, अमेरिकेतली पहिली काळी स्त्री वकील. दुसऱ्याच वर्षी आपल्याकडे जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं.

१८८८ मध्ये लँग्स्टन व्हर्जिनियातून संसदेसाठी उभे राहिले. मतदानाला काळ्यांची रांग वेगळी, आणि ती मुद्दाम रेंगाळत ठेवलेली. (दोन्ही रांगांत बाई एकही नाही, तो हक्कच नव्हता!) प्रतिस्पर्धी ६४१ मतांनी निवडून आल्याचं जाहीर झालं. लँग्स्टननी तक्रार नेली थेट संसदेपुढे. निकाल लागला सप्टेंबर १८९० मध्ये, त्यांच्या बाजूने. पण दोन वर्षांच्या मुदतीतले जेमतेम पाच-साडेपाच महिने उरले होते. पुढची निवडणूक ते हरले. व्हर्जिनियातून दुसरा काळा खासदार संसदेत बसला तो थेट १९९३ मध्ये.

१८९४ मध्ये त्यांनी आत्मचरित्र छापलं. गंमत अशी, की त्यात ‘मी’ नाहीच. स्वतःबद्दल ते परक्या माणसासारखं लिहितात. तीन वर्षांनी ते गेले.

शार्लट रेला वकिली फार काळ चालवता आली नाही, अशिलंच येईनात. तिची गोष्ट पुढच्या वेळी सांगू.