रेल्वेत अपघात झाला तर



आजचा विषय गोड नाही. घरातले माणूस गाडीला गेलेले असताना असले बोलणे काढू नये, असे आपल्या म्हाताऱ्या माणसांना वाटते. पण आपल्या भागातून रोज कितीतरी जण रेल्वेने जातात. कुणी कल्याण-भिवंडीला कामाला, कुणी पंढरीला, कुणी लेकीच्या घरी. अपघात सांगून येत नाही. आणि तो झाल्यावर घरच्या माणसांचे डोके ठिकाणावर नसते. म्हणून चार गोष्टी आधीच माहीत असाव्यात.

समजा, आपल्यातलाच एक गडी चाळीसगावला गाडीत चढला. जनरलचा डबा. असे डबे गाडीला मोजकेच, आणि बहुतेक पुढे किंवा मागे. मधल्या डब्यांकडे बघत धावायचे, मग जागा मिळेल तिथे घुसायचे. आत पाय ठेवायला जागा नाही. गडी दारात उभा राहिला. रात्रभर उभा. पहाटे डुलकी लागली, मागून रेटा आला, आणि तो खाली गेला. जीव वाचला, पण एक पाय गेला.

आता त्याची बायको काय म्हणेल? "तो दारात उभा होता, चूक त्याचीच. रेल्वे आपल्याला काय देणार?" शेजारीही तेच म्हणतील. पोलीसही कधीकधी तेच म्हणतात. आणि बाई गप्प बसते.

मंडळी, इथेच आपली माणसे फसतात. कायदा तसे म्हणत नाही.

रेल्वेचा कायदा १९८९ सालचा आहे. त्यात १९९४ साली एक कलम घातले, १२४-अ. त्याचा अर्थ सोपा आहे. प्रवासी चालत्या गाडीतून अपघाताने पडला, तर रेल्वेने भरपाई द्यायची. चूक रेल्वेची होती की नव्हती, हे विचारायचेच नाही. गाडीत किंवा फलाटावर दरोडा पडला, दंगल झाली, कुणी आग लावली, बॉम्ब फुटला, आणि त्यात प्रवाशाला इजा झाली, तरी हेच कलम लागते. नुसते फलाटाचे तिकीट काढून पाहुण्याला पोचवायला गेलेल्या माणसालाही लागते. गाड्यांची टक्कर झाली, डबे रुळावरून घसरले, तर त्याच्या शेजारचे १२४ कलम आहे. तिथेही चूक कुणाची हे दाखवत बसावे लागत नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ तीन गाड्यांचा मोठा अपघात झाला. सिग्नलच्या कामातल्या चुकीने गाडी भलत्याच रुळावर गेली आणि २९० च्या वर माणसे मेली. अशा वेळी चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. हे आयुक्त रेल्वे खात्याच्या हाताखाली नसतात, विमान खात्याच्या मंत्रालयाकडे असतात. पण ती चौकशी संपेपर्यंत जखमी माणसाने थांबायचे कारण नाही.

मग पैसे कधी मिळत नाहीत? स्वतःहून जीव द्यायला गेला असेल, मुद्दाम स्वतःला इजा करून घेतली असेल, स्वतः काही गुन्हा करताना पडला असेल, दारू पिऊन किंवा वेडाच्या भरात पडला असेल, किंवा गाडीत आपल्या दुखण्यानेच गेला असेल, तर १२४-अ ची भरपाई नाही. दारूचे लक्षात ठेवा. डॉक्टरच्या कागदावर दारूचा वास असे लिहिले गेले की दावा अवघड होतो.

दारात उभे राहणे यात कुठे बसते? कुठेच नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० साली सांगितले की दारात उभे राहणे हा निष्काळजीपणा असेल, पण तो गुन्हा नव्हे. पुन्हा ९ मे २०१८ रोजी रीना देवी नावाच्या बाईच्या खटल्यात कोर्टाने आणखी स्पष्ट केले. गाडीत चढताना किंवा उतरताना माणूस पडला, तरी तो अपघातच. निष्काळजीपणा म्हणजे मुद्दाम केलेली इजा नव्हे. या खटल्याचे नाव लिहून ठेवा. वकिलाला माहीत असतेच, पण आपल्याला माहीत आहे हे वकिलाला कळलेले बरे.

म्हणून दारात लोंबकळा, असे मी सांगतो आहे का? नाही. भरपाईने पाय परत येत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल गाड्या एकमेकींजवळून गेल्या. दोन्हींच्या दारात माणसे लटकलेली होती. ती खाली पडली आणि काही जण जागीच गेले. गर्दी होती, हे खरे. आत शिरायला वाव नव्हता, हेही खरे. पण पाठीवरची पिशवी बाहेर काढून उभे राहणे, पावसात ओल्या पायरीवर बसणे, सुटलेली गाडी पळत पकडणे, ही कामे तरी आपल्या हातातली आहेत.

दुसरे एक कारण आपल्या जळगाव जिल्ह्यातलेच आहे. २२ जानेवारी २०२५. पाचोऱ्याजवळ परधाडे स्टेशनाच्या अलीकडे-पलीकडे पुष्पक एक्सप्रेस साखळी ओढून थांबली. डब्याला आग लागली, अशी आवई उठली होती. माणसे भराभर खाली उतरली, ती शेजारच्या रुळावर. त्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. डझनभर माणसे गेली. आग कुठेच नव्हती. गाडी मध्येच थांबली तर शेजारच्या रुळाकडे कधी उतरू नये, खरेच धूर दिसला तर दुसऱ्या बाजूने उतरावे. साखळी अडचणीला ओढायचीच असते, त्याला दंड नाही. दंड आणि कैद आहे ती उगाच ओढणाऱ्याला.

त्या अपघातात मेलेल्यांच्या घरी रेल्वेने दीड-दीड लाख रुपये जाहीर केले. इथे एक गोम आहे, नीट ऐका. या पैशाला सानुग्रह मदत म्हणतात. रेल्वे ती आपणहून देते. सप्टेंबर २०२३ मध्ये तिचे दर वाढले. गाडीचा अपघात होऊन मृत्यू झाला तर ५ लाख, मोठी इजा झाली तर अडीच लाख, किरकोळ इजेला ५० हजार. गाडीतून पडणे किंवा दरोडा यांसारख्या घटनेत मृत्यूला दीड लाख, मोठ्या इजेला ५० हजार, किरकोळ इजेला ५ हजार. आपली माणसे हे पैसे घेतात, अंगठा देतात, आणि समजतात की संपले. संपलेले नसते. सानुग्रह वेगळी आणि कायद्याची भरपाई वेगळी. सानुग्रह घेतली म्हणून भरपाईचा हक्क जात नाही.

कायद्याची भरपाई १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूला ८ लाख आहे. दोन्ही हात गेले, दोन्ही डोळे गेले, तरी ८ लाख. बाकीच्या इजांचा तक्ता ठरलेला आहे. पाय कुठून कापला, बोट किती गेले, हाड कोणते मोडले, त्याप्रमाणे रक्कम. म्हणून डॉक्टरच्या दाखल्यात इजा नेमकी लिहिलेली हवी. 'पायाला मार' एवढेच लिहून आणले तर आपलेच नुकसान.

ही भरपाई मागायची कुठे? साध्या कोर्टात नाही. तिच्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे. ते १९८९ साली सुरू झाले. आपल्या राज्यात मुंबईला आणि नागपूरला त्याची खंडपीठे आहेत. तिकीट जिथे काढले, अपघात जिथे झाला किंवा जायचे होते ते ठिकाण, यांपैकी कुठल्याही जागेच्या खंडपीठात दावा लावता येतो.

आणि मुदत एक वर्ष. अपघाताच्या दिवसापासून एक वर्ष, बरं का. बारावा-तेरावा होतो, पेरणी येते, पोरांच्या शाळा येतात, आणि वर्ष उलटते. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण माफी देऊ शकते. पण 'माहीत नव्हते' एवढेच कारण पुरेल, या भरवशावर राहू नका.

जखमी माणसाने स्वतः दावा करावा. तो अज्ञान असेल तर पालकाने. माणूस गेला असेल तर त्याच्या आश्रितांनी. बायको, नवरा, मुलगा, मुलगी हे तर आलेच. त्याच्यावर अवलंबून असलेले आईबाप आणि विधवा सूनही कायद्यात येतात. सासू-सुनेत वाद घालून दोन दावे लावू नका. एकाच अर्जात सगळ्यांची नावे घाला.

आता कागदाचे बघू. दावा जिंकतो तो कागदावर.

अपघात झाला की आधी माणूस दवाखान्यात. गाडीतून १३९ वर फोन लावा, नाहीतर ११२ वर. गाडीच्या गार्डाला गाठा, त्याला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. मग सर्वात जवळच्या स्टेशनमास्तरला कळवा. तो लेखी खबर देतो, तिला मेमो म्हणतात. लोहमार्ग पोलीस पंचनामा करतात. या दोन्हींच्या नकला मागून घ्या. दवाखान्याची भरती-चिठ्ठी, सुटीचा कागद, औषधांची बिले, आणि वाईट वेळ आलीच तर शवविच्छेदनाचा अहवाल, हे सगळे एका पिशवीत ठेवा. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. रेल्वेही आपली चौकशी करते आणि तिचा अहवाल न्यायाधिकरणापुढे येतो. तो वाचून घ्या. त्यात 'तो स्वतःच उडी मारून उतरला' असे लिहिलेले असले, तर आपल्याकडे साक्षीदार हवा. म्हणून डब्यातल्या एक-दोन माणसांची नावे आणि फोन नंबर त्याच वेळी लिहून घ्या. नंतर ती माणसे सापडत नाहीत.

सर्वात मोठी अडचण तिकिटाची. माणूस पडला, कपडे फाटले, तिकीट कुठे उडून गेले कोण जाणे. पंचनाम्यात लिहिले जाते, 'तिकीट मिळाले नाही'. झाले, बिनतिकीट! पूर्वी यावर कितीतरी दावे बुडाले. रीना देवीच्या खटल्यात कोर्टाने सांगितले की नुसते तिकीट सापडले नाही म्हणून तो प्रवासी नव्हता असे होत नाही. घरच्यांनी खरी हकिगत प्रतिज्ञापत्रावर द्यावी. मग तो प्रवासी नव्हता हे दाखवायचे ओझे रेल्वेवर जाते. तरीही माझे ऐका. तिकीट काढले की मोबाईलवर त्याचा फोटो काढून घरी पाठवा. एवढ्या एका फोटोने घरच्यांची वर्षभराची धावपळ वाचते. आणि तिकीट काढाच. बिनतिकीट माणसाला हे कलम लागत नाही.

रूळ ओलांडताना सापडलेल्यालाही लागत नाही. हे कठोर वाटते, पण तसे आहे. ८ मे २०२० ची करमाडची गोष्ट आठवते ना? टाळेबंदीत जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी पायी निघालेले मजूर थकून रुळावर झोपले. पहाटे मालगाडी आली आणि १६ जण गेले. ते गाडीचे प्रवासी नव्हते. सरकारने मदत दिली, पण ती सरकारच्या मर्जीची. रुळावर परवानगीवाचून जाणे हा कायद्याने गुन्हाच आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या गावात शेत रुळाच्या पलीकडे आणि घर अलीकडे, अशी किती घरे आहेत! त्यांनी ग्रामपंचायतीचा ठराव करून भुयारी वाट मागावी. ते काम लांबते, पण अर्ज गेल्याशिवाय सुरूच होत नाही.

फाटकावर ट्रॅक्टरला गाडीने उडवले, तर त्याची वाट निराळी. तो दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जाऊ शकतो, त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी वकिलाला विचारा.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाई, लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस आणि कमी उत्पन्नाचा माणूस यांना तिथे वकील फुकट मिळतो. १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येते. याउलट दवाखान्याच्या दारात कुणी अनोळखी माणूस येऊन म्हणेल, "मी सगळे करतो, तुम्ही फक्त कोऱ्या कागदावर सही करा, निम्मे तुमचे." त्याला चहा पाजून वाटेला लावा. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही, बँकेचे पासबुक नाही.

आणखी एक. रेल्वेच्या भरपाईशिवाय विम्याचे पैसे वेगळे मिळतात. बँकेत वर्षाला २० रुपये कापून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घेतला असेल, तर अपघाती मृत्यूला २ लाख. नाव सातबाऱ्यावर असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी योजनेत २ लाखांपर्यंत अनुदान आहे, त्याचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. त्याची मुदत थोडी असते, दिवस पडू देऊ नका. ऑनलाइन तिकीट काढताना काही पैशांचा विमा विचारतात, त्यावर टिचकी मारा आणि वारसाचे नाव भरा. नाव न भरता विमा घेतला की मागे राहिलेल्यांना हेलपाटे पडतात.

न्यायाधिकरणाने दावा फेटाळला, तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील करता येते. आपल्या त्या गड्याच्या बायकोने वर्षाच्या आत अर्ज लावला, तर तिचा पहिला प्रश्न असेल, "निकाल कधी?" लागायला वेळ लागतो, हे खरे. पण मंजूर रकमेवर व्याज मिळू शकते, आणि ती दावेदाराच्या बँक खात्यात येते. तेव्हा खाते चालू आहे ना, आधार जोडलेले आहे ना, हे आजच बघून ठेवा. ज्यांच्या घरी असा जुना अपघात झाला आहे, त्यांनी कागद घेऊन थांबा. आपण तारीख मोजून बघू.